थोरल्याचं पुढे काय झालं

माझ्या सासूबाईंना इंग्लंडचं सगळं राजघराणं ठाऊक होतं, पण नावाने एकही माणूस नाही. सहा बायका करणारा तो ‘मेला दाढीवाला’, नवरा गेल्यावर चाळीस वर्षं काळं नेसलेली ती ‘काळीवाली’, सतरा वेळा गरोदर राहूनही जिचं एकही मूल मोठं झालं नाही ती ‘बिचारी’, आणि तेव्हा गादीवर होती ती ‘म्हातारी’. म्हातारी त्यांच्याहून वयाने बरीच मोठी, तरी तिच्याबद्दल त्या एकेरीतच बोलायच्या. गोऱ्यांना अहोजाहो केलेलं कळत नाही, मग कशाला तोंड शिणवायचं, असं त्यांचं म्हणणं होतं.

ही सगळी माणसं त्यांच्या डोक्यात भरवली मी. मी मस्कतच्या एका भारतीय शाळेत इतिहास शिकवत होते आणि राजवाड्यांतल्या भानगडी वाचायचं मला व्यसन होतं. आम्ही मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस या भागात राहायचो. तिथली इंग्रज कुटुंबं मायदेशी परत निघाली की शुक्रवारी सकाळी दारात टेबल मांडून घरातलं सामान विकायची. बाकीच्या बायका तिथे कपबश्या आणि पडदे बघायच्या, मी राजेराण्यांची चित्रांची जाडजूड पुस्तकं उचलून आणायची. नवरा म्हणायचा, आपल्या खानदानाचा इतिहास दोन पिढ्यांपलीकडे तुला माहीत नाही आणि त्यांच्या खापरपणज्यांपर्यंत पोचलीस.

सासरे गेल्यावर गुहागरकडच्या घराला कुलूप लावून नवऱ्याने आईला मस्कतला आणलं. दुपारी मी शाळेतून यायची, तोवर त्या जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मेथी किंवा सोडे निवडत बसलेल्या असायच्या. माझं जेवण होईपर्यंत गप्प. ताट उचललं की म्हणायच्या, “हां, सांग. काल कुठवर आलेलो?” मग मी समोर बसून पुस्तक उघडायची आणि चित्रं दाखवत दाखवत सांगायची.

त्या ऐकायच्या त्या एखाद्या शेजारणीची गाऱ्हाणी ऐकावीत तशा. दाढीवाल्याने दुसऱ्या बायकोचं मुंडकं उडवलं तेव्हा त्यांनी सोड्यांची ताटली बाजूला सारली आणि विचारलं, “तिला आई होती?” होती, म्हटलं. “मग ती काय करत होती?” ते पुस्तकात नव्हतं. काळीवालीची गोष्ट त्यांना फारशी रुचली नाही. नवरा मेल्यावरही त्याच्या खोलीत रोज सकाळी दाढीचं गरम पाणी नेऊन ठेवायचे, रात्रीचे कपडे काढून ठेवायचे, हे ऐकून त्या म्हणाल्या, “पाणी तापवायला नोकर होते म्हणून. स्वतः चूल पेटवायची असती तर आठ दिवसांत शुद्धीवर आली असती.” बिचारीच्या गोष्टीला मात्र त्यांनी डोळे पुसले. गावात त्यांची स्वतःची दोन गेलेली होती, माझ्या नवऱ्याच्या आणि त्याच्या दादाच्या मधली. सगळं ऐकून झालं की त्यांचा ठरलेला निकाल असायचा, “घरोघरी मातीच्या चुली, गो.” आणि त्या निवडलेली भाजी धुवायला उठायच्या.

प्रेमापायी गादी सोडणाऱ्या राजाची गोष्ट मी त्यांना सांगायची टाळत होते. आमच्या घरात ती सांगणं म्हणजे दुखऱ्या दातावर चमचा आपटणं होतं. पण एक दिवस पान उलटताना त्यांनीच चित्र पाहिलं आणि विचारलं, “हा कोण? देखणा आहे हो.” मग सांगावंच लागलं. हा थोरला मुलगा. बाप मेला आणि हा गादीवर बसला. पण याचं मन एका परदेशी बाईवर. तिचा एक घटस्फोट झालेला, दुसरा चाललेला. सगळे म्हणाले, ती राणी होऊ शकत नाही. हा म्हणाला, मग मीही राजा होत नाही. वर्षही पुरं केलं नाही त्याने. धाकटा भाऊ बोलताना अडखळायचा, लाजाळू होता, त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवून हा निघून गेला, देश सोडून.

“आणि त्याची आई?”

“आई होती. आधीच्या राजाची राणी. तिने त्या सुनेला कधी घरात घेतलं नाही.”

“कधीच?”

“कधीच नाही. सुनेला घराण्याचा मानही दिला नाही कोणी. म्हणजे बाकीच्या बायकांनी तिच्यापुढे वाकायची गरज नाही, असं ठरवून टाकलं. धाकटा भाऊ मेला तेव्हा हा एकटाच आला. आई मेली तेव्हाही एकटाच.”

त्यांच्या हातात मेथीची काडी होती. ती त्यांनी पानं न काढता तशीच टोपलीत टाकली. “त्या आईला आतून काय होत होतं, ते लिहिलंय त्यात?”

“नाही.”

“मग काय जाळायचंय ते पुस्तक,” असं म्हणून त्या उठल्या. पण दुसऱ्या दिवशी ताट उचलल्याबरोबर त्यांनी दाढीवाला नाही, काळीवाली नाही, सरळ विचारलं, “थोरल्याचं पुढे काय झालं?” त्यानंतर कितीतरी दुपारी आम्ही त्याच एका राजावर अडून बसलो होतो.

आमचा थोरला म्हणजे माझे मोठे दीर. ओमानला आमच्यापैकी पहिले आले ते. इब्रा या आतल्या गावात त्यांचं एसी आणि फ्रिज दुरुस्तीचं वर्कशॉप होतं, एका ओमानी अर्बाबच्या, म्हणजे तिथल्या मालकाच्या नावावर. माझ्या नवऱ्याचा पहिला व्हिसा त्यांनीच काढून दिला. तिथल्या इस्पितळात एक मराठी नर्स होती, नवऱ्याने टाकलेली, रीतसर घटस्फोट झालेली. तिच्या क्वार्टरमधला एसी दुरुस्त करायला हे गेले आणि काही महिन्यांनी दोघांनी लग्न केलं. सासऱ्यांनी गावाहून फोनवर एवढंच सांगितलं, की ती बाई या घराचा उंबरठा ओलांडणार नाही. सासरे शब्दाचे पक्के होते. आमच्याकडे हे कौतुकाने सांगतात. मला तो गुण वाटत नाही.

सासरे गेले तेव्हा दीर बायकोला घेऊन भारतात आले. तिला चिपळूणच्या लॉजवर ठेवून एकटे घरी आले, अग्नी दिला, तेरावं होईपर्यंत पडवीत सतरंजीवर झोपले. सासूबाईंनी तोंडाने एकदाही म्हटलं नाही की तिला बोलाव. तो शब्द उच्चारणारा माणूस राख होऊन गेला तरी त्या शब्दाची राखण करत बसल्या. मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते, एवढंच माझ्या हातात होतं.

पुढे त्या मस्कतला आल्या आणि गोष्ट अधिकच वेडीवाकडी झाली. आधी दीर आणि त्यांची बायको, मी त्यांना वहिनी म्हणते, महिना-दोन महिन्यांनी आमच्याकडे जेवायला यायचे. आई राहायला आल्यावर दीरांनी माझ्या नवऱ्याला सांगून टाकलं, “हिला जिथे बोलावणं नाही, तिथे मी पानावर बसणार नाही.” आई म्हणायच्या, “त्याला सांग, एकटा ये.” ते म्हणायचे, “आईला सांग, दोघं येऊ.” मधे फक्त दोन तासांचा रस्ता होता. खाण तशी माती, दुसरं काय.

एका जूनमध्ये आमचा एसी ऐन उन्हात बंद पडला. कोणी माणूस मिळेना. नवऱ्याने दादाला फोन केला आणि ते इब्राहून निघून आले. खालूनच जिन्याने थेट गच्चीवर गेले. आई खाली आपल्या खोलीत, वर त्यांची पावलं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. आई छताकडे बघत उभ्या होत्या. मी म्हटलं, “आई, वर जा ना. चार पायऱ्या आहेत.” त्या म्हणाल्या, “त्याला पाणी दे नेऊन. माठातलं दे. फ्रिजमधलं नको, घामाचा आहे.” मी पाणी नेऊन दिलं. दीर प्यायले, तांब्या परत दिला आणि म्हणाले, “माठाचं आहे ना?” एसी सुरू झाला, ते गेले. त्या दिवशी मला त्या दोघांचीही इतकी चीड आली की मी संध्याकाळी कोणाशी बोलले नाही.

मग दोन हजार अठराचा मे आला. म्हातारीच्या एका नातवाचं लग्न होतं आणि नवरी घटस्फोटित. रमजान नुकताच लागला होता, शनिवार होता, सगळे घरात. दुपारी तीनला आम्ही टीव्हीसमोर बसलो. सासूबाईंनी आदल्या दिवशीच भिंतीवरचं कॅलेंडर बघून शेरा मारला होता, “अधिकात लग्न करतायत. यांच्यात सांगणारं कोणी नाही का?”

नवरी पायऱ्या चढून आत आली. लांबलचक पांढरं वस्त्र मागे ओढत. कॅमेरा म्हातारीवर गेला. ती हिरव्या कपड्यात, ताठ बसलेली, चेहऱ्यावर काही नाही.

“हिचं आधी एक झालेलं, ना?” सासूबाईंनी विचारलं.

“हो.”

“आणि म्हातारी स्वतः आली.”

माझी मुलगी सोफ्यावर लोळत होती. ती म्हणाली, “आजी, ती डिव्होर्स्ड आहे, सो व्हॉट? लोक करतात ना लग्न परत.”

आजीने तिच्याकडे पाहिलंही नाही. त्या म्हातारीकडे बघत होत्या. “हिच्याच काकाला घालवला होता ना, त्याच कारणासाठी?” मी हो म्हटलं. “मग हिने किती वर्षं काढली असतील, हे बघायला,” त्या म्हणाल्या. घंटा वाजत होत्या, घोडागाडी निघाली होती. जरा वेळाने त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, “थोरल्या सुनेची ओटी भरायची राहिली आहे आपल्याकडे.”

मला उड्या मारायच्या होत्या. पण मी जागची हलले नाही, न जाणो, त्या घाबरून शब्द मागे घेतील. म्हटलं, “भरू या की.”

“मी नाही भरू शकत. तू भर. तू सवाष्ण आहेस. मी बाजूला बसेन.”

सवाष्णीने सवाष्णीची ओटी भरायची, तांदूळ, नारळ, खण घालायचा, की ती बाई घरची झाली. सासूबाई विधवा, म्हणून हात माझे. त्यांच्या लेखी यात शंकेला जागाच नव्हती. मी उद्याच निघू म्हटलं. त्या म्हणाल्या, अधिकात नवीन काही नको.

अधिक संपला तेव्हा शाळेला सुट्टी लागली आणि आम्ही कोकणात गेलो. तिथे त्यांनी चिपळूणच्या बाजारात स्वतः उभं राहून हिरवा खण घेतला. सतरा दुकानांत फिरवलं मला. दुकानदार विचारायचा, लेकीला का? त्या म्हणायच्या, थोरल्या सुनेला. मस्कतला परतल्यावर खण, तांदळाची पुरचुंडी आणि नारळ एका पिशवीत घालून त्यांनी ती मला गाडीच्या डिकीत ठेवायला लावली, म्हणजे निघताना विसरायला नको. पण निघायचं कधी? श्रावण लागला तर म्हणाल्या, श्रावणात नको, एवढ्या वर्षांनी तो माझ्या हातचं जेवणार आणि मी त्याला वरणभात वाढू? त्याला सुरमई करून घालायची आहे. श्रावण संपला तर गणपती. गणपती गेले तर पितृपक्ष, आणि पितृपक्षात ओटीचं नाव सुद्धा काढायचं नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तसं ते वर्ष होतं, खरोखरच तेरा महिन्यांचं.

आता वाटतं, त्यांना मुहूर्ताची नाही, दाराची भीती वाटत होती. दार उघडल्यावर काय बोलायचं ते त्यांना सुचत नव्हतं, आणि कॅलेंडर त्यांना दर वेळी आणखी थोडी सवड देत होतं.

मार्ग शेवटी वहिनींनीच काढला. इब्राला दर बुधवारी बायकांचा बाजार भरतो. विकणाऱ्या बायका, घेणाऱ्या बायका, पुरुषांना आत मज्जाव. कापड, बांगड्या, काजळ, धूप, सगळं मिळतं. मी फोनवर वहिनींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “घरी नको अगं. घरी त्या पाहुण्या होतील नाहीतर मी परीक्षेला बसल्यासारखी होईन. बाजारात भेटू. बाजाराला आमंत्रण लागत नाही.”

सासूबाईंना हे एकदम पटलं. सगळ्यांना सांगत सुटल्या, “मला तो बायकांचा बाजार बघायचाय, गो.” जणू आयुष्यभर त्यांना बांगड्याच घ्यायच्या होत्या. घटस्थापना त्या वर्षी नेमकी बुधवारी होती. यापेक्षा चांगला दिवस तो कुठला. मी शाळेत रजा टाकली, वहिनींनी ड्युटी बदलून घेतली. नवरात्रातही सुरमई चालत नाही, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं नाही. दीरांनी माझ्या नवऱ्याला फोन करून विचारलं, “मी आत नाही ना येऊ शकत. मी बाहेर गाडीत बसतो. आई बाहेर आली की मला हाक मारायला सांग.”

बुधवार यायला आठ दिवस होते.

मी नववीच्या वर्गावर होते. शिपाई आला, म्हणाला, मॅडम, घरून फोन आहे, अर्जंट. नवरा फोनवर नुसता माझं नाव घेत राहिला. इब्रात एका घराच्या गच्चीवर दीर एसीचा कंप्रेसर उतरवत होते. छातीत कळ आली म्हणाले, सावलीत बसले, आणि तिथेच आडवे झाले. घरमालकाने स्वतःच्या गाडीत घालून इस्पितळात नेलं. वहिनी ड्युटीवर होत्या. स्ट्रेचर आत आलं तेव्हा त्या दाराशीच उभ्या होत्या.

आईंना सांगायचं काम माझ्यावर आलं. त्या वर्तमानपत्रावर भेंडी पसरून बसल्या होत्या. मी खाली बसले आणि सांगितलं. त्यांनी ऐकलं. भेंडी चिरायची सुरी खाली ठेवली आणि विचारलं, “आज तिथी कुठली?”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले, “आई, पुरे झालं आता ते कॅलेंडर!” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “पुढच्या वर्षीपासून त्याचं पान कधी मांडायचं ते नको कळायला?” मग त्या स्वतःच उठल्या, भिंतीपाशी गेल्या, चौकोनावर बोट ठेवून वाचलं, “अष्टमी.” आणि चप्पल घालायला लागल्या.

रस्ताभर दोन्ही बाजूंनी तेच बोडके तपकिरी डोंगर. नवरा पुढे निघून गेला होता, गाडी मी चालवत होते. आई शेजारी बसल्या होत्या, पट्टा लावायचंही भान नव्हतं, मीच लावला. त्या राजाच्या पुस्तकातलं एक पान मी त्यांना कधी दाखवलं नव्हतं. तो मेल्यावर राजवाड्याने त्याच्या बायकोला बोलावून घेतलं होतं, आणि ती तिथल्या खिडकीत उभी असतानाचा फोटो आहे, पडदा बाजूला करून बाहेर बघते आहे. एवढ्या वर्षांनी दार उघडलं, ते विधवेला. मला तो फोटो दिसत राहिला आणि मी पुस्तक लिहिणाऱ्याला, राजवाड्याला, सासऱ्यांना, सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घालत गाडी चालवत होते.

इब्राचं घर लहान होतं, दोन खोल्यांचं. बाहेर अंगणात पुरुष बसले होते, अर्बाबही होता, डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. आत वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, अंगावर अजून नर्सचा पांढरा ड्रेस. शेजारी त्यांची शेजारीण, रत्नागिरीकडची मुसलमान बाई, त्यांचा हात धरून. आम्ही दारात उभ्या राहिलो. शेजारणीने आईंना पाहिलं, ओळखलं असावं, आणि सरकून जागा केली. “बसा माय,” एवढंच म्हणाली. आई बसल्या. कोणी कोणाच्या गळ्यात पडलं नाही. डिकीतली पिशवी मी काढलीच नाही. नंतर एक दिवस पाहिलं तर नारळ उन्हाने तडकला होता आणि तांदळाला वास येत होता, मी ती तशीच कचऱ्यात टाकली.

खरा प्रश्न दुपारी आला. गावाहून चुलत सासऱ्यांचा फोन आला. नवऱ्याने स्पीकरवर ठेवला. ते म्हणत होते, थोरला मुलगा आहे, विमानाने गावी आणा, घराण्याच्या जागेत अग्नी झाला पाहिजे, आम्ही सगळी तयारी करतो. नवरा हो, हो म्हणत होता. वहिनी उठून दाराशी आल्या.

“गावी न्यायचं नाही,” त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. “गावी नेलं तर ते घरात जातील आणि मला बाहेर बसावं लागेल. मी बसेन हो बाहेर, सवय आहे. पण त्यांना आवडणार नाही. इथून, माझ्या घरातून जाऊ दे.”

फोनमधून आवाज आला, “कोण बोलतंय? त्या बाईला काय अधिकार? वहिनी आहे का तिथे? वहिनीला विचार.” वहिनी म्हणजे माझ्या सासूबाई.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. माझ्या नवऱ्याच्या हातात फोन, वहिनी चौकटीला धरून उभ्या. सासूबाईंना थोरल्याला गावाला न्यायचं होतं, मला माहीत होतं. गाडीत येताना त्या एकच वाक्य बोलल्या होत्या, “त्याला त्याच्या बापाशेजारी ठेवीन.”

त्यांनी हात पुढे करून फोन घेतला. कानाला लावला, स्पीकर चालू आहे हे त्यांना कळत नव्हतं. “भाऊजी,” त्या म्हणाल्या, “त्याची बायको आहे इथे. ती सांगेल तसं होईल. मला विचारू नका.” पलीकडून काहीतरी येतच होतं. त्यांनी फोन तसाच माझ्या नवऱ्याला परत दिला.

अर्बाबने कागदपत्रं उरकून दीरांना इस्पितळातून घरी आणवलं आणि त्याच घरातून त्यांना उचललं. अर्बाब आणि त्याचे दोन भाऊ पुढे होऊन धरत होते. वहिनी दारात उभ्या होत्या आणि त्यांना कोणी मागे हो म्हटलं नाही. हिंदूंचं स्मशान तिथून लांब, समुद्राकडे होतं. गाड्या गेल्या आणि घरात आम्ही बायका राहिलो. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही हे शेजारणीला सांगावं लागलं नाही. ती घरी जाऊन तांदळाच्या भाकऱ्या आणि साधी डाळ घेऊन आली, आणि म्हणाली, “लसूण घातला नाही हो, चालेल ना?” तिनेच सगळ्यांना दोन-दोन घास भरवले.

संध्याकाळच्या आधी वहिनी आंघोळ करून आतल्या खोलीत जाऊन बसल्या. कपाळ पुसलेलं होतं. थोड्या वेळाने आई उठून आत गेल्या. मी मागोमाग गेले, काही वेडंवाकडं बोलतील की काय या धास्तीने. आई पलंगाच्या एका बाजूला टेकल्या, मग वहिनींकडे बघून म्हणाल्या, “ही त्याची बाजू का?”

“हो.”

त्यांनी उशीवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “लहानपणी झोपेत दात खायचा तो. एवढ्या जोरात, की माजघरातली माणसं उठायची. काय काय उपाय केले. उशीखाली कोयता ठेवला, अंगारा लावला, जंताचं औषध झालं. काही उपयोग नाही. मी रात्रभर त्याच्या जबड्यावर हात ठेवून झोपायची. माझा हात सुटला की पुन्हा सुरू. मुंबईला नोकरीला गेला तेव्हा मला हीच काळजी, की याच्या जबड्यावर हात कोण ठेवणार.” त्यांनी उशी सरळ केली. “इथे पण खायचा ना गं? तुझी झोप होत नसेल.”

वहिनींनी विचार केला. उगाच बरं वाटावं म्हणून बोलणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

“नाही, आई,” त्या म्हणाल्या. “मी कधी ऐकलं नाही. इथे ते शांत झोपायचे.”

आई त्यांच्याकडे बघत राहिल्या. “एकदाही नाही?”

“एकदाही नाही.”

तेव्हा कुठे माझ्या सासूबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि त्या रडायला लागल्या.